पाण्याचा अंमल

आमच्या बाबांनी आयुष्यात एकदाच राज्य केलं आणि ते चोवीस दिवस टिकलं. राज्य म्हणजे दोन मजली ब्लॉकमधले आठ क्वार्टर. राजदंड म्हणजे हातभर लांबीची एक लोखंडी चावी, वरच्या टोकाला आडवा दांडा असलेली. ती अंगणातल्या खड्ड्यात घालून पाण्याचा वॉल्व्ह फिरवायचा. हसू नका. त्या चावीपायी आमच्या टाउनशिपमध्ये शेजारी शेजारी राहणारी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नसत.

टाउनशिप भोपाळची, एका सरकारी कारखान्याची. कारखान्यात काय बनायचं ते बनो, टाउनशिपमध्ये सगळं चालायचं ते ग्रेडवर. क्वार्टरला खोल्या किती, हे ग्रेडवर. क्लबात खुर्ची कितव्या ओळीत, हे ग्रेडवर. मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट आधी कुणाच्या हातात जायचं, तेसुद्धा ग्रेडवर. एका वर्षी एक नवीन सूनबाई ताट घेऊन जवळच उभ्या असलेल्या ड्रायव्हरकाकांकडे सरळ गेली. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या. काकांनीच बिचाऱ्यांनी ताट घाईघाईने पुढे सरकवलं, आणि ते माणसांच्या तीन रांगा ओलांडून साहेबांपर्यंत पोचेस्तोवर निरांजन विझलं. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही.

बाबा कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते, हत्यारं देण्याच्या खिडकीवर. कामगाराने आपला पितळी बिल्ला खिडकीत ठेवायचा, बाबांनी तो खिळ्याला अडकवायचा आणि पाना किंवा कानस द्यायची. हत्यार परत आलं की बिल्ला परत. बिल्ल्याशिवाय तिथून टाचणीसुद्धा बाहेर जात नसे. अशी त्यांची अठरा वर्षं झाली होती आणि अठरा वर्षांत ग्रेड एकदाच बदलली होती. दर वर्षी बढतीची यादी बोर्डावर लागायची. एरवी बाबा घरात शिरताना चपला अशा भिरकावत की एक दाराशी आणि दुसरी थेट तुळशीपाशी. यादीच्या दिवशी मात्र ते चपला वाकून, जोडीने, भिंतीला लावून ठेवत. चपला जोडीने दिसल्या की आई समजायची, यंदाही नाव नाही. मग ती काही न विचारता चहा टाकायची.

मला त्या जोडीने ठेवलेल्या चपलांचा फार राग यायचा. वाटायचं, फेका की हो आज तरी.

आता पाणी. टाउनशिपची टाकी आमच्यापासून लांब आणि आमचा ब्लॉक लाइनच्या शेवटच्या टोकाला. उन्हाळ्यात पाणी पाळीने यायचं. आमची पाळी पहाटे पाच ते पावणेसहा. पाचला कुणीतरी वॉल्व्ह उघडायचा आणि पावणेसहाला बंद करायचा, म्हणजे पुढची पाळी असलेल्या ब्लॉकला पाणी जाणार. पाळी चुकली की गेली, दुसऱ्या दिवसापर्यंत हात धुवायलाही पाणी नाही. ही चावी ब्लॉकमधल्या सगळ्यात वरच्या ग्रेडच्या माणसाकडे राहायची असा रिवाज होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण न लिहिलेलेच नियम आमच्याकडे जास्त पाळले जायचे.

आमच्या ब्लॉकमध्ये चावी समोरच्या फोरमनसाहेबांकडे होती. असायची म्हणजे त्यांच्या व्हरांड्यात दाराआड टेकून ठेवलेली असायची. पहाटे उठून ती घेऊन वॉल्व्ह उघडायची माझी आई, कारण तिला साडेचारला जाग यायची. पण पाणी आलं की सगळे म्हणायचे, फोरमनसाहेबांनी पाणी सोडलं.

मग एका एप्रिलमध्ये फोरमनसाहेबांना बढती मिळाली आणि ते मोठ्या क्वार्टरमध्ये निघाले. त्यांच्यानंतर ब्लॉकमध्ये ग्रेडने वरचे कोण, याची मोजदाद झाली आणि नाव निघालं बाबांचं. जेमतेम चार महिन्यांच्या फरकाने, पण निघालं.

त्या दिवशी बाबांनी चावी साधी घेतली नाही. चार्ज घेतला. कारखान्यात असतो तसा दोन प्रतींत कागद केला: लोखंडी चावी, नग एक, चालू स्थितीत. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. फोरमनसाहेब ट्रकवर कपाट चढवून घेत होते, त्यांना खाली बोलावून त्यांच्याकडून सही करून घेतली. चावी घरी आणून रॉकेल लावून पुसली. आणि व्हरांड्यात न ठेवता लोखंडी कपाटात, आईच्या पैठणीशेजारी, कुलपात ठेवली.

"अहो, ती काय दागिना आहे का?" आई म्हणाली.

"जबाबदारीची वस्तू आहे. यापुढे माझ्या सहीशिवाय ती कुणालाही मिळणार नाही. तुलाही नाही."

"मग पहाटे कोण उठून राहिलं?"

"उठून राहिलं नाही, उठणार आहे असं म्हण. मी उठणार आहे."

आई नागपूरची आणि बाबा पुण्याकडचे. तिचं 'राहिलं' दुरुस्त करण्यात त्यांचा संसार चालला होता आणि ते दुरुस्त न होऊ देण्यात तिचा.

बाबांना दोन वेडं होती, एक फाइलींचं आणि दुसरं शब्दांचं. पाठ निखळलेला एक जाडजूड शब्दकोश त्यांनी कारखान्याच्या खाकी कागदाचं कव्हर घालून ठेवला होता. जेवताना ते आम्हाला शब्दांची मुळं विचारत आणि आमटी निवायची. आता स्वतःच्या अधिकाराला काय नाव द्यावं यावर त्यांनी दोन संध्याकाळी घालवल्या. 'देखरेख' त्यांना फिकं वाटलं. 'नियंत्रण' सरकारी वाटलं. शेवटी सापडलं ते 'अंमल'. पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल. ते म्हणाले, या शब्दात घोड्यांच्या टापा ऐकू येतात. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, भांगेचाही अंमलच चढतो ना, तुम्हाला तो कोणता चढला तेवढं सांगा. बाबांनी सूचनेसाठी कोरा कागद काढला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सूचना लागली. वर मराठी, खाली हिंदी, कारण ब्लॉकमधली मराठी घरं दोनच. या ब्लॉकमधील पाण्याचा अंमल आजपासून खाली सही करणाऱ्याकडे राहील. मग वेळा, मग सात नियम. सातवा नियम असा होता की वरचे सहा नियम सर्वांना बंधनकारक आहेत.

सूचनेपाशी सगळ्यात आधी थांबल्या त्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या खालाजान. कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होत्या, माहेर जुन्या भोपाळमधलं, आणि नवरा लवकर गेल्यावर एका मुलीला एकट्याने वाढवत होत्या. आम्ही मुलं त्यांना खालाजान, म्हणजे मावशी, म्हणायचो आणि बाबा सिस्टरजी. त्या ड्यूटीवरून आल्या होत्या, पांढऱ्या साडीत, हातात भाजीची पिशवी. हिंदी ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"भाईसाहब, ये पानी का अमल क्या चीज़ हुई?"

बाबा जणू याच प्रश्नासाठी दारात उभे होते. "सिस्टरजी, अंमल माने हुकूमत. राज. जैसे अंग्रेजों का अंमल."

"हुकूमत तो बाद में हुई होगी," खालाजान म्हणाल्या. "अमल अरबी का लफ़्ज़ है. माने काम. मौलवी साहब बच्चों से कहते हैं ना, पढ़ लिया है तो अब अमल भी करो."

"सिर्फ काम?"

"सिर्फ काम. और हुकूमत वाला ही चाहिए, तो हमारे भोपाल में बेगमों का अमल रहा है. भाभी से भी पूछ लीजिए." आणि त्या हसत जिना चढून गेल्या.

बाबा आत आले आणि शब्दकोश काढून बसले. मी शेजारीच होते. शब्दापुढे अरबीची खूण होती आणि मूळ अर्थ दिला होता, कृती, काम. राज्य, अधिकार, सत्ता हे सगळं त्याच्यानंतर. बाबांनी 'काम'वर बोट ठेवलं आणि पुढचे अर्थ मला मोठ्याने वाचायला लावले.

"पण बाबा, पहिला अर्थ तर..."

"मूळ काहीही असो. शब्द आता मोठा झालाय. त्याला लहानपणच्या नावाने हाक मारू नये."

आज मला वाटतं, त्या शब्दाचा आणि बाबांचा प्रवास उलटा झाला. शब्द अरबस्तानातून निघाला तेव्हा त्याच्या हातात काम होतं. मग तो बादशहाच्या कचेरीत लागला. जो वसुलीचं काम करतो तो अमलदार झाला, त्याच्या हाताखाली राबणाऱ्यांचा अमला झाला. भोपाळकडे अजूनही साहेबाच्या मागे जीपमधून जी पाच-सहा माणसं उतरतात त्यांना अमलाच म्हणतात. दख्खनेत मराठीच्या घरी पोचेपर्यंत त्याला पगडी मिळाली, डोक्यावर अनुस्वार आला, आणि काम करायचं सोडून तो नुसता गाजू लागला. बाबांनी त्याला पगडीसकट घरात घेतलं होतं.

खोटं कशाला बोलू, पहिले तीन आठवडे बाबा उठले. म्हणजे आई साडेचारला उठायची, पावणेपाचला त्यांना हलवायची, पाचला दोनदा हलवायची, आणि मग बाबा कपाट उघडून, वहीत स्वतःच चावी दिल्याची आणि स्वतःच घेतल्याची सही करून, टॉर्च घेऊन खड्ड्यापाशी जायचे. पाणी आलं की जिन्याखालून एकदा खाकरायचे. ते खाकरणं आठही क्वार्टरना ऐकू जायचं. त्या महिन्यात बाबांच्या खात्याची बढतीची यादी लागली आणि बाबांचं नाव नव्हतं, तरी चपला भिरकावलेल्या होत्या. आईने मला तुळशीपाशी पडलेली चप्पल दाखवली. तिला ती चावी कपाटात चालणार होती, हे मला तेव्हा कळलं.

मे महिन्यात खालाजानच्या मुलीचं लग्न निघालं. ब्लॉकपुढच्या मैदानात शामियाना, जुन्या शहरातून वरात, दोनशे माणसं. खालाजाननी आठ दिवस आधी बाबांना येऊन एकच गोष्ट मागितली. त्या पहाटे आठही क्वार्टरच्या नळाचं पाणी लग्नाच्या पिंपांत जावं. बावर्ची सहाला देगा, म्हणजे मोठाले हंडे, चढवणार होता. सगळ्या घरांनी आनंदाने हो म्हटलं. बाबांनी त्याचीही विशेष मंजुरी लिहून जिन्यात लावली. खालाजान म्हणाल्या, "भाईसाहब, मेरी एक ही बच्ची है. बाकी सब हो जाएगा, पानी आपके ज़िम्मे." बाबांनी छातीवर हात ठेवला.

आता चूक कुठे झाली ते सांगते. मेंदी होती म्हणून आई आदल्या संध्याकाळपासून वरच होती आणि तिथेच झोपणार होती. जाताना ती बाबांना म्हणाली, गजर लावा, आणि चावी आज तरी व्हरांड्यात ठेवा. बाबा म्हणाले, आजच्यासारख्या दिवशी चावी बाहेर? त्यांनी चावी कुलपात ठेवली, कपाटाची किल्ली जानव्याला बांधली, घड्याळातला गजराचा काटा पावणेपाचवर आणला आणि गजराला किल्ली द्यायची विसरले. मग दाराला आतून कडी लावली आणि कूलर सुरू केला.

आमचा कूलर ज्यांनी ऐकला नाही त्यांना कसं सांगू. पत्र्याचा डबा, वाळ्याची ताटी आणि असा घरघराट की शेजारच्या खोलीत लग्न लागलं तरी कळू नये. वर पाचला नळ कोरडे होते. आई म्हणाली, येईल, कधीकधी दहा मिनिटं उशीर होतो. सव्वापाचला ती खाली आली आणि दार ठोठावू लागली. मग खालाजान आल्या. मग मेंदीच्या हातांनी बायका आल्या, मग पुरुष. दोन दारं, दोन खिडक्या, सगळं ठोठावून झालं. आत बाबा आणि मी कूलरसमोर गाढ झोपलो होतो. शेवटी आईला सुचलं. तिने जिन्यातल्या मीटरबोर्डावरचा आमचा फ्यूज ओढून काढला. कूलर थांबला आणि त्या शांततेने बाबा जागे झाले.

मला आठवतं ते हे: बाबा बनियनवर, जानव्याची गाठ सुटत नाहीये, म्हणून कपाटाशी जानव्यासकट वाकून कुलूप उघडतायत. मग चावी घेऊन धावले. खड्ड्यात चावी घातली, फिरवली. नळातून एक फुसका आवाज आला, थोडी गढूळ धार पडली आणि थांबली. पावणेसहा वाजून गेले होते आणि पुढच्या ब्लॉकचं पाणी सुरू झालं होतं. अंगणात सगळा ब्लॉक उभा होता. पिंपं ओळीने मांडलेली, कोरडी. बावर्ची आपल्या पालथ्या देगेवर बसून विडी ओढत होता.

खालाजान फक्त पिंपांकडे बघत होत्या. मला इतकी लाज वाटली की मी तुळशीमागे जाऊन उभी राहिले.

बाबांनी चावी खाली ठेवली. सायकल काढली, हँडलला दोन्ही बाजूंनी रॉकेलचे धुतलेले कॅन अडकवले आणि निघाले. शाळेच्या मैदानाजवळ हातपंप होता, दोन गल्ल्या सोडून. दहा मिनिटांनी ते भरलेले कॅन घेऊन परत आले, पिंपात ओतले आणि वळले. तिसऱ्या खेपेपर्यंत सगळे बघत राहिले. मग आईने पदर खोचला आणि घागर घेतली. मग शेजारच्या क्वार्टरमधल्या, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसवाल्यांनी सायकल काढली, मग बाकीच्यांनी. त्या सकाळी कोण कुठल्या ग्रेडचा हे हातपंपापाशी रांगेत कुणी बघितलं नाही. बाबांनी किती खेपा केल्या ते मोजलं नाही, वहीत लिहिलंही नाही. नऊपर्यंत पिंपं भरली. वरात अकराच्या ऐवजी साडेबाराला आली, कारण जुन्या शहरातल्या वराती तशाच येतात. म्हणजे आमच्या हातात वेळच वेळ होता, पण ते आधी कुणाला माहीत असणार?

दुपारी निकाह झाला, जेवणं झाली. बाबा शामियान्याच्या अगदी टोकाला, मान खाली घालून बसले होते. उजवा खांदा त्यांना वर उचलता येत नव्हता. खालाजान स्वतः ताट घेऊन आल्या. ताटात बाबांसाठी आईने वेगळा केलेला बटाट्याचा रस्सा आणि पुऱ्या. ताट पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "आज हुआ अमल, भाईसाहब."

बाबा त्यांच्याकडे बघून हसले आणि मग त्यांना रडू आलं. दोनशे माणसांत माझे बाबा पुरी हातात धरून रडले.

त्याच संध्याकाळी जिन्यातली सूचना त्यांनी ब्लेडने खरवडून काढली. कागद वाया जाऊ नये म्हणून पाठच्या कोऱ्या बाजूवर मला गणितं सोडवायला दिला. चावी व्हरांड्यात खिळ्याला अडकवली. त्यानंतर तेरा वर्षं बाबा रोज पाचला उठून वॉल्व्ह उघडत राहिले, आईने न हलवता. थंडीत मफलर बांधून, पावसात डोक्यावर पोतं घेऊन. खाकरणं बंद झालं. पाणी आपोआप येतं असं ब्लॉकमधल्या नवीन माणसांना वाटायचं, आणि आई त्यांना मुद्दाम विचारायची, "काय हो, पाणी कोण सोडून राहिलं?" त्यांना सांगता यायचं नाही. बाबा आतून म्हणायचे, 'सोडतं' म्हण.

बढतीच्या याद्याही लागत राहिल्या. चपलाही जोडीने लागत राहिल्या. त्याच ग्रेडवर बाबा रिटायर झाले. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेबांनी भाषणात त्यांचं आडनाव चुकीचं घेतलं.

क्वार्टर सोडून आई-बाबा भोपाळातच, अशोका गार्डन नावाच्या वस्तीत, दोन खोल्यांच्या स्वतःच्या घरात गेले. निघताना बाबांनी रिवाजाप्रमाणे चार्ज दिला. नंतरच्या वरच्या ग्रेडचे होते ते आमचे ड्रॉइंग ऑफिसवाले. दोन प्रती, दोन सह्या, चावी नग एक. त्यांनी ती घेतली आणि पलंगाखाली टाकली. चौथ्या दिवशी दवाखान्यातून खालाजानचा फोन नव्या घराशेजारच्या किराणा दुकानात आला. दोन दिवस पाणी नाही, साहेब आठला उठतात.

दुसऱ्या पहाटे बाबा सायकल घेऊन निघाले. अशोका गार्डन ते टाउनशिप, साठीला टेकलेला माणूस, चार-पाच किलोमीटर. ड्रॉइंग ऑफिसवाले चावी द्यायला उठणार नाहीत हे ओळखून बाबांनी चोरबाजारातून तशीच एक चावी आणली होती. पाचला उघडायचा, पावणेसहापर्यंत कट्ट्यावर बसायचं, बंद करायचा, परत यायचं. खालाजान खिडकीतून चहाचा कप खाली सोडायच्या, पिशवीला दोरी बांधून. हे दीड महिना चाललं. मी तेव्हा लग्न होऊन भोपाळातच शाहपुऱ्याला राहायला आले होते. रविवारी माहेरी गेले की आई तक्रार करायची. ती म्हणायची, रिटायर झाले पण राज्य सुटलं नाही. मी बाबांना म्हणायचे, बाबा, आता तुमचा काय संबंध? ते म्हणायचे, पाण्याला पाचला यायची सवय झाली आहे, त्याला कोण सांगणार?

मग एका सोमवारी रजिस्टर पोस्टाने पत्र आलं. टाउनशिपच्या ऑफिसकडून, शिक्का, जावक क्रमांक, सगळं. ड्रॉइंग ऑफिसवाल्यांनी तक्रार केली होती, त्यांच्या अधिकारात लुडबुड होते म्हणून. मी आदल्या दिवसापासून तिथेच होते. बाबांनी चष्मा लावला आणि विषय मोठ्याने वाचला: सेवानिवृत्ति के उपरांत ब्लॉक की जलापूर्ति पर अनधिकृत नियंत्रण के संबंध में. पुढे लिहिलं होतं की आपण गेले दीड महिना ब्लॉकच्या पाणीपुरवठ्यावर नियंत्रण ठेवून आहात, ते तात्काळ सोडावं, अन्यथा कारवाई होईल.

माझं रक्त उसळलं. आयुष्यभर राबवून घेतलं आणि आता ही भाषा. मी म्हटलं, मी जाते उद्या त्यांच्याकडे. बाबांनी हात वर केला आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिसऱ्यांदा.

"नियंत्रण म्हटलंय ना त्यांनी?" त्यांनी मला विचारलं.

"अनधिकृत म्हटलंय, बाबा."

"ते आहेच. पण नियंत्रण म्हटलंय. सहीशिक्क्यानिशी."

ते टेबलापाशी बसले आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं. सरकारी पत्राला उत्तर न देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. संध्याकाळी ते हवा खायला बाहेर गेले. परत आले तेव्हा मी स्वयंपाकघरात आईशी बोलत होते, आणि बाहेरून दोन आवाज आले, एक दाराशी आणि एक पार कुंडीपाशी. आईने पोळी उलटता उलटता मान वर केली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

ब्लॉकची चावी मग खालाजाननी आपल्याकडे घेतली. ग्रेडने त्या ब्लॉकमध्ये शेवटून दुसऱ्या होत्या, पण पहाटे ग्रेड विचारायला उठणार कोण? बाबा अशोका गार्डनमध्ये पाचला उठत राहिले आणि चोवीस तास पाणी असलेला घरचा नळ एकदा उघडून बंद करून बघत राहिले.

बाबा गेल्यावर आम्ही त्यांच्या फाइली काढल्या. एका फाइलीवर लाल शाईने 'अंमल' लिहिलं होतं. आत तीनच कागद. फोरमनसाहेबांनी ट्रकपाशी सही केलेला चार्जचा कागद, ते रजिस्टर पत्र, आणि त्याचं बाबांनी लिहिलेलं उत्तर. उत्तर चार ओळींचं होतं. आपल्या पत्रातील 'नियंत्रण' हा शब्द मला मान्य नाही, मी कशावरही नियंत्रण केलेलं नाही, मी फक्त काम केलं, तरी आरोप मागे घ्यावा. खाली सही, तारीख. पाकिटावर पत्ता, तिकीटसुद्धा चिकटवलेलं.

"आई, हे त्यांनी पाठवलंच नाही?" मी विचारलं.

आईने पाकीट माझ्या हातातून घेतलं, परत फाइलीत सरळ ठेवलं आणि फाइलीची नाडी बांधली.

"पाठवलं असतं तर ऑफिसने आरोप मागे घेतला असता ना," ती म्हणाली. "त्यांच्या अंमलाचा, सरकारी शिक्क्यानिशी, तेवढा एकच तर कागद होता त्यांच्याकडे."